कराओके बारमध्ये माणसं कशी बघायची? त्रिनिदादला नव्याने आलेल्यांसाठी

रोह्याच्या एमआयडीसीतून उठून मी त्रिनिदादच्या पॉइंट लिसास या औद्योगिक वसाहतीत आले. पहिले चार महिने माझं जग म्हणजे अमोनियाचा वास, भाड्याची खोली आणि शनिवारचा बाजार. मग एका शुक्रवारी कंट्रोल रूममधल्या लोकांनी मला ओढत कराओकेला नेलं. मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली, एक बाटली समोर ठेवली आणि दोन तास सगळ्यांकडे टकामका बघत बसले. मला वाटलं, मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोमवारी कँटीनमध्ये कळलं की मी काय प्यायले, कितीदा घड्याळ बघितलं, कुणाच्या गाण्यावर हसले आणि कुणाला टाळी दिली नाही, हे सगळं बारा जणांना तोंडपाठ होतं.

हा लेख तुमचा असा सोमवार होऊ नये म्हणून.

आधी दोन शब्द शिकून घ्या, बाकीचं त्यावरच उभं आहे. पहिला ‘लाइम’. लिंबाशी संबंध नाही. लाइम म्हणजे आपलं कट्ट्यावर बसणं: काही ठरलेलं नाही, निघायची घाई नाही, गप्पा, खाणं, पिणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं. दुसरा ‘मॅको’. मॅको म्हणजे भोचक, आणि ‘मॅको करणं’ म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं. लाइममध्ये बसून माणसं बघितली तर कुणाची हरकत नसते. बाहेर उभं राहून बघितलीत की तुम्ही मॅको. खुर्ची तीच, डोळे तेच, पण एकाला मान आहे आणि दुसऱ्याला टोमणे. खालच्या सगळ्या पायऱ्या तुम्ही पहिल्यात मोडावं यासाठी आहेत.

सोबत काय ठेवायचं

- फोटो असलेलं ओळखपत्र. दारूसाठी वयाची अट आहे. पासपोर्ट घरी ठेवा, त्याची प्रत किंवा कंपनीचं कार्ड न्या.
- रोख पैसे, सुट्ट्या नोटांत. शंभर त्रिनिदाद डॉलरची नोट निळी असते आणि तिला सगळे ‘ब्लू नोट’च म्हणतात. एका बिअरसाठी ब्लू नोट पुढे केलीत तर काउंटरवालीचा चेहरा बघण्यासारखा होतो.
- ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा नंबर, आणि फोन पूर्ण चार्ज. ऐन मध्यरात्री फोन मेला तर सगळी मजा संपते.
- एखादा पातळ जॅकेट. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी असा की मुळशीच्या थंडीची आठवण यावी.
- कापसाचे बोळे. हसू नका. स्पीकरच्या शेजारी जागा मिळाली की माझी आठवण काढाल.
- गाण्याशी संबंध नाही, पण नव्या माणसाला कुणी सांगत नाही म्हणून: त्रिनिदादहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात, आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. माझ्या ओळखीच्या एकाला हे तिकीट काढल्यावर कळलं.

पायरी १: जागा आणि वार निवडा

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये नव्या माणसाने सुरुवात करावी ती वुडब्रुकच्या अरिआपिता ॲव्हेन्यूवरून. सगळे नुसतं ‘द ॲव्हेन्यू’ म्हणतात. एकाला लागून एक बार, फुटपाथवर खाण्याच्या गाड्या, रात्री उशिरापर्यंत वर्दळ. थोडं पश्चिमेला सेंट जेम्स. तिथे वेस्टर्न मेन रोडवर फिरताना गल्ल्यांच्या पाट्या वाचा: कलकत्ता, मद्रास, लखनौ, बनारस. उसाच्या मळ्यावर भारतातून आलेल्या मजुरांची ही जुनी वस्ती. मोहरमचे ताजिये इथे अजून निघतात, त्याला ‘होसे’ म्हणतात, आणि ते बघायला सगळ्या धर्मांचे लोक येतात.

मध्य त्रिनिदादमध्ये, म्हणजे चग्वानास, कूवा या बाजूला राहत असाल तर तुमच्याच रस्त्यावर एखादं ‘रम शॉप’ असेल आणि आठवड्यातून एकदा तिथेही माईक लागत असेल. ॲव्हेन्यूवरची गर्दी तरुण आणि नटलेली, रम शॉपमधली वयस्क आणि निवांत. माणसं बघायची हौस असेल तर माझं मत रम शॉपला. फक्त पहिल्यांदा तिथे एकट्याने जाऊ नका. गावातल्या कुणाचा तरी हात धरून जा, म्हणजे तुम्ही ‘अमक्याबरोबर आलेली’ होता आणि निम्म्या चौकशा वाचतात.

वाराचं म्हणाल तर शनिवार टाळा. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच ठिकाणी कराओके आठवड्याच्या मधल्या, मंद दिवशी असतं, कारण गिऱ्हाईक आणायचं तेच तर निमित्त. अशा रात्री येणारे लोक नेहमीचे असतात, एकमेकांची गाणी त्यांना पाठ असतात. कुणाचं गाणं आज कुणी दुसऱ्यानेच घेतलं तर काय होतं ते बघायला मिळणं म्हणजे भाग्य.

वेळ? फलकावर नऊ असेल तर दहाला जा. ‘जस्ट नाऊ’ हे शब्द ऐकलेत की समजा, आत्ता नव्हे, कधीतरी. भारतातलं घड्याळ साडेनऊ तास पुढे असल्याने माझं पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा आईचा सकाळचा चहा झालेला असतो. तिचा फोन येतो, मागचा गोंगाट ऐकून ती विचारते, “कुणाचं लग्न आहे का?”

पायरी २: कपडे

इथे एकच मोठा सापळा आहे. लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाला घालता येत नाहीत. फॅशन नाही, कायदाच आहे. पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेली ती तशी पँट बॅगेतच राहू द्या. लहान मुलाच्या टोपीवरही तो छाप नको.

बाकी, लोक बारमध्येसुद्धा नीट तयार होऊन येतात. चप्पल आणि बर्मुडा घालून गेलात तर काही ठिकाणी दारातूनच परत पाठवतील.

पायरी ३: आत शिरताना ‘गुड नाइट’ म्हणा

आपण गुड नाइट निघताना म्हणतो. इथे ते आल्यावर म्हणतात. संध्याकाळ झाली की दुकानात, टॅक्सीत, बारमध्ये पाऊल टाकताना सगळ्यांना मिळून एकदा ‘गुड नाइट’. मी पहिल्या वेळी गडबडले, मला वाटलं काउंटरवाली मला घालवतेय. मी म्हटलं, “मी आत्ताच आले.” ती मैत्रिणीकडे बघून दातांतून हवा ओढून ‘च्च’सारखा लांब आवाज काढती झाली. या आवाजाला ‘स्ट्यूप्स’ म्हणतात. तो कंटाळ्याचा, रागाचा, तुच्छतेचा, लाडाचा असा कुठलाही असू शकतो. कुठला ते लांबीवरून ओळखायला मला वर्ष लागलं.

न बोलता आत जाऊन बसणं हा इथला सगळ्यात मोठा उद्धटपणा. गाणं बेसूर झालं तर माफ करतील, गुड नाइट राहिलं तर नाही.

पायरी ४: खुर्ची

कोपरा नको. कोपऱ्यात बसलेला एकटा माणूस म्हणजे पोलीस, नवऱ्याच्या मागावर आलेली बायको, किंवा मॅको. तिन्ही वाईट.

स्पीकरच्या समोर तर नकोच. काउंटरच्या लांब बाजूला, साधारण मध्यावर बसा. तिथून दार दिसतं, माईक दिसतो, आणि मुख्य म्हणजे गाण्याच्या चिठ्ठ्या घेणारा माणूस दिसतो. कोण चिठ्ठी देऊन परत घेतंय, कोण तिसऱ्यांदा ‘माझा नंबर कधी’ विचारतंय, कोण दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी टाकून गंमत करतंय, हा सगळा तमाशा त्या दोन फुटांत चालतो. आणि काउंटरमागच्या बाईशी ओळख होते. त्या बारमध्ये तिच्याइतकं कुणी काही पाहिलेलं नसतं, आणि ती कधी काही बोलत नाही. तिचं बघून शिका.

पायरी ५: काय प्यायचं, काय खायचं

कॅरिब आणि स्टॅग या इथल्या दोन बिअर. ‘बीस्टली कोल्ड’ मागा, म्हणजे जनावरासारखी थंड. पाच-सहाजण असाल तर सुटे ग्लास मागू नका. रमची बाटली, बर्फाची बादली आणि ‘चेसर’, म्हणजे रममध्ये मिसळायचं पाणी, सोडा किंवा शहाळ्याचं पाणी, असं टेबलावर घ्यायची पद्धत आहे. स्वस्तही पडतं. कुणी ‘पंचन’ पुढे केली तर ग्लासवर हात ठेवा. ती ७५ टक्के अल्कोहोलची रम असते. माझ्या एका नागपूरच्या सहकाऱ्याने ती कोरी प्यायली आणि उरलेली रात्र बाहेरच्या पायरीवर बसून आवळे-जावळे दिवे मोजले.

पीत नसाल तर एलएलबी मागा. वकिलीची पदवी नव्हे. लेमन, लाइम आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे अँगोस्टुरा, मूळ व्हेनेझुएलातलं औषधी मिश्रण, जे १८७० च्या दशकात पोर्ट ऑफ स्पेनला आलं आणि इथलंच झालं. त्याचे दोन-चार थेंबच असतात. रंग असा की लांबून रमच वाटते, त्यामुळे ‘तू का पीत नाहीस’ ही चौकशी होत नाही.

चखण्याला इथे ‘कटर्स’ म्हणतात. पाटीवर ‘गीरा चिकन’, ‘गीरा पोर्क’ दिसेल. गीरा म्हणजे आपलं जिरं, शब्द त्या मजुरांबरोबर आला आणि वाटेत थोडा वाकला. फुलौरी म्हणजे डाळीच्या पिठाची भजी. आणि ‘मँगो चाव’ सोडू नका: कैरीच्या फोडी, मीठ, मिरची, लसूण आणि ‘शॅडो बेनी’ नावाचं कोथिंबिरीसारखं उग्र पान. शाळेबाहेरच्या गाडीवरच्या कैरीची आठवण झाली नाही तर पैसे परत.

शाकाहारींसाठी एक किल्ली सांगते. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलंत तर चर्चा होते, मासे चालतात का विचारतात. ‘आय फास्टिंग’ म्हणा. इथले हिंदू उपास म्हणजे मांस आणि दारू वर्ज्य असं धरतात, आणि प्रत्येक धर्माच्या माणसाला ते ठाऊक असतं. लगेच मान मिळतो आणि दारूचा आग्रहही थांबतो. मात्र हातात रमचा ग्लास धरून हे वाक्य म्हणू नका. मी म्हटलं होतं. अजून ऐकते.

एक फेरी तुमच्याकडून झालीच पाहिजे. दुसऱ्यांच्या बाटलीतून तीन ग्लास पिऊन निघून जाणाऱ्याला इथे विसरत नाहीत.

पायरी ६: आता बघा

इथे घाई करू नका, यासाठीच तर आलात.

रात्रीच्या पहिल्या तासात वयस्क मंडळी गातात. त्यांची गाणी बघून तुम्ही चक्रावाल: अमेरिकन ‘कंट्री’ गाणी, जुनी संथ प्रेमगीतं. जिम रीव्ह्ज आणि केनी रॉजर्स यांच्यावर कॅरिबियनमधली एक अख्खी पिढी पोसली आहे. दिवसभर गोदामाच्या दाराशी पहारा देणारा, कुणाशी न बोलणारा माणूस माईक हातात आला की असा काही खर्जात उतरतो की काउंटरवरची बर्फाची बादलीसुद्धा गप्प होते. गाणं संपलं की परत तोच चेहरा. त्याच्याकडे बघा, पण तो बघेल तेव्हा नुसती मान हलवा. ‘वा, काय आवाज!’ म्हणून अंगावर जाऊ नका. तो त्याचं खासगी काम लोकांसमोर करून आलेला असतो.

मग ‘टबँका’वाले. प्रेम मोडल्यावर माणसाला जे काही होतं, जेवण जात नाही, झोप येत नाही, त्याच त्या गल्लीतून फेऱ्या मारतो, त्या आजाराला इथे टबँका हे नाव आहे. आपल्याकडे विरह हा कवितेत असतो, इथे तो तापासारखा येतो आणि लोक विचारतात, ‘उतरला का?’ टबँका झालेला ओळखायची खूण: तो एकाच गाण्याची चिठ्ठी दोनदा टाकतो, आणि गाताना पडद्याकडे नाही, दाराकडे बघतो. त्याची टिंगल सगळे करतात. तुम्ही करू नका, तुमचा हक्क अजून झालेला नाही.

टिंगलीलाही नाव आहे, ‘पिकाँग’. फिरकी घेणं, पण चटपटीत आणि समोरासमोर. कराओके चालवणारा दोन गाण्यांच्या मधे गायकाला चिमटा काढतो, गायक माईकवरूनच परतफेड करतो, आणि टाळी चांगल्या उत्तराला पडते, आवाजाला नव्हे. यामागे कॅलिप्सोची, म्हणजे इथल्या चिमटे काढणाऱ्या गाण्यांची, जुनी परंपरा आहे. कार्निव्हलमध्ये ‘एक्स्टेम्पो’ची स्पर्धाच असते, दोन गायक समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे कडवी रचून एकमेकांना चीत करतात. तमाशातले सवाल-जवाब ज्याने ऐकलेत त्याला हे समजवावं लागत नाही. तुमची कुणी फिरकी घेतली तर चेहरा पाडू नका. पिकाँगला राग आलेला माणूस हरला.

त्याच्या उलट ‘मामागाय’. म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. ऑफिसची मंडळी आली असतील तर हा खेळ अवश्य बघा. साहेब गातो, पट्टी सोडून तिसऱ्याच घरात शिरतो, आणि खालून ‘वन्समोअर’ येतो. कोण खरंच हसतंय, कोण साहेबाकडे बघून हसतंय, आणि पगारवाढ झालेला कोण आता टाळीसुद्धा वाजवत नाही, हे तीन मिनिटांत कळतं. वर्षभराच्या मीटिंगांमधून कळणार नाही.

आणि मग कुणीतरी हिंदी गातं.

इथे थोडं थांबते. १८४५ च्या ३० मे रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज मजूर घेऊन आलं आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं भारतातून इथे आली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांच्या पणतवंडांना आता हिंदी बोलता येत नाही. पण आजा, आजी, नाना, नानी ही नाती शिल्लक आहेत (आजी हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी वळून बघितलं होतं), आणि शिल्लक आहेत सिनेमाची गाणी. रफी, मुकेश, लता. पडद्यावर रोमन अक्षरांत शब्द येतात, गाणारा डोळे मिटतो, आणि उच्चार इकडे-तिकडे झाले तरी हरकत जागच्या जागी पडते. साठीचे एक काका माझ्याशेजारी येऊन बसले आणि विचारलं, “ती बेदर्दी कोण गं?” मी अर्थ सांगितला. बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, “तीस वर्षं मला वाटत होतं, बाईचं नाव आहे.”

दोन सापळे इथेच आहेत. एक, उच्चार सुधारू नका. तुम्ही भारतातून आलात म्हणून ते गाणं तुमचं होत नाही. दुसरा, चेहऱ्यावरून गाण्याचा अंदाज बांधू नका. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लोक जवळजवळ सारखे, प्रत्येकी एक तृतीयांशाच्या आसपास होते, आणि मिश्र वंशाचेही भरपूर. सोका हे संगीतच मुळी लॉर्ड शॉर्टी यांनी १९७० च्या दशकात कॅलिप्सोमध्ये ढोलक आणि धंतालाचा ठेका मिसळून घडवलं. धंताल म्हणजे लोखंडी सळई, नालेसारख्या तुकड्याने वाजवायची. त्यामुळे चटणी-सोका, म्हणजे भारतीय वळणाचा सोका, कुणीही गातं, आणि ज्याला तुम्ही ‘आपला’ समजून बसलात तो जमैकन गाणं लावतो. मिश्र वंशाच्या लोकांसाठी इथे एक शब्द सर्रास वापरतात, जो मराठी-हिंदी कानाला शिवीसारखा लागतो. ते स्वतःला म्हणोत, तुम्ही तो उच्चारू नका.

क्रिकेटचं राहिलं. कुठून आलीस या प्रश्नाला मी ‘मुंबईजवळून’ म्हणते, रोहा कुणाला सांगणार? वय साठच्या पुढचं असेल तर पुढचा शब्द ठरलेला: गावसकर. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ इथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर जिंकला, तो भारताचा वेस्ट इंडीजवरचा पहिला कसोटी विजय. सरदेसाईंचं शतक होतं, आणि कोवळ्या गावसकरांचा तो पहिलाच सामना. त्याच मैदानावर मालिकेच्या शेवटी त्यांनी १२४ आणि २२० केल्या. लॉर्ड रिलेटर यांनी त्यांच्यावर कॅलिप्सो रचलं. ते मैदान ॲव्हेन्यूपासून फार लांब नाही. गंमत म्हणजे कराओकेचं एक अगदी सुरुवातीचं यंत्रही त्याच वर्षी जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी बनवलं आणि पेटंट घ्यायचं राहून गेलं. एका सत्तरीच्या गृहस्थांनी मला गावसकरांची ती खेळी चेंडू-चेंडू सांगितली, वर ‘मी झाडावर बसून बघितली’ असंही. खरं की मामागाय, मी विचारलं नाही.

काय बघायचं नाही तेही सांगते. ओळखीचा माणूस अनोळखी बाईबरोबर दिसला, तर तुम्ही काही पाहिलं नाही. बाहेरख्यालीपणाला इथे ‘हॉर्न’ म्हणतात, त्यावर ढिगाने गाणी आहेत, आणि त्यातून उठणाऱ्या कलागतीला ‘कॉमेस’. कॉमेसची सुरुवात नेहमी नव्या माणसाच्या एका निरागस वाक्याने होते: “अरे, परवा तुझा नवरा दिसला होता.”

फोनवर चित्रण नको. आपल्या टेबलाचं, विचारून, ठीक. दुसऱ्या कुणाचं गाणं काढून ग्रुपवर टाकलंत की तुम्ही कायमचे मॅको.

पायरी ७: चिठ्ठीवर आपलं नाव लिहा

हे टाळता येत नाही. पहिल्या भेटीत चालेल, दुसऱ्या भेटीतही चालवून घेतील. तिसऱ्यांदा नुसतंच बघत बसलात तर बघणं अवघड होतं, कारण तुम्ही समोर असताना लोक मोकळे होत नाहीत. आवाज लागत नसला तरी गा. वाईट गाणाऱ्याशी लोक जास्त बोलतात, हा माझा स्वतःचा अनुभव.

गाणं निवडताना:

- तीन-साडेतीन मिनिटांचं घ्या. गझल नको. दोन वाजता लोकांना सोका हवा असतो.
- हिंदी गाणं घेतलंत तर मधल्या संगीताचा विचार आधी करा. आपल्या जुन्या गाण्यांत दोन अंतऱ्यांमध्ये अर्धा-पाऊण मिनिट नुसती व्हायोलिनं वाजतात. तेवढा वेळ माईक धरून पुतळ्यासारखं उभं राहणं किती लांबतं हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्या वेळात कुणाला तरी गाणं अर्पण करा, काउंटरवालीचे आभार माना, नाहीतर नाचा.
- पट्टी आधी सांगा. बहुतेक यंत्रांवर खाली-वर करता येते. रात्री बिअरनंतर तुमची घरची पट्टी लागत नाही.
- मराठी गाणं यादीत सापडणार नाही. यूट्यूबवरचा नुसत्या संगीताचा ट्रॅक फोनवर शोधून ठेवा आणि चालवणाऱ्याला लवकर, गर्दी व्हायच्या आत विचारा. मी एक कोळीगीत लावलं होतं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण तो डुलता ठेका ऐकून मागचं टेबल उठलं, आणि एका टँटीने, म्हणजे मावशीने, मला कंबर कशी हलवायची ते दाखवलं, जणू काही मीच पाहुणी आणि गाणं तिचं.

माईकवर शिवी देऊ नका, गाण्यात असली तरी. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलणं हा इथे गुन्हा आहे.

पायरी ८: नाच

कंबरेच्या त्या नाचाला ‘वाइन’ म्हणतात. बघताना भुवया उंचावू नका, इथे आजीसुद्धा वाइन करते. कुणी तुमच्यासमोर नाचायला आलं तर हसून दोन पावलं टाका किंवा हसून मान हलवा, दोन्ही चालतं. पुरुषांना वेगळं सांगते: समोरच्या बाईने बोलावल्याशिवाय जवळ जायचं नाही, आणि एका नाचाचा अर्थ एक नाच.

पायरी ९: घरी जाणं

हे मी गमतीत घेत नाही. देशात गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर सरकारने आणीबाणी जाहीर केली होती आणि पुढच्या वर्षी पुन्हा. बाहेर पडण्याआधी त्या आठवड्यात काय परिस्थिती आहे ते सहकाऱ्यांना विचारा, आणि गेलात तर:

- चौघे आलात तर चौघे निघा. ‘मी येते मागून’ नाही.
- अधिकृत टॅक्सीच्या नंबराची पाटी ‘एच’ने सुरू होते. खासगी गाड्यांची ‘पी’ने. ‘पीएच’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खासगी गाड्या भाडं मारतात, दिवसा सगळेच बसतात, पण तो धंदा बेकायदा आहे आणि रात्री तर बसूच नका.
- पट्टेवाल्या मॅक्सी-टॅक्सी दिवसा उत्तम. चग्वानास आणि सॅन फर्नांडोकडे जाणाऱ्या हिरव्या पट्ट्याच्या. मध्यरात्रीनंतर त्यांच्या भरवशावर राहू नका.
- ग्लास उघडा सोडून गाण्याला गेलात तर परत आल्यावर तो ग्लास ओतून द्या.
- निघताना काउंटरवालीला सांगून निघा. यावेळी गुड नाइट म्हणायचं नाही, ‘राइट देन’ पुरतं.

आणि गाडी येईपर्यंत उपाशी उभे राहू नका. बाहेर कुठे तरी मक्याच्या सूपचं भांडं असतं, नशीब असेल तर डबल्सवालाही. दोन मऊ ‘बारा’, म्हणजे तळलेल्या छोट्या पुऱ्या, मधे चण्याची उसळ, वर चिंचेची आणि काकडीची चटणी. तो ‘पेपर?’ विचारेल. तिखटाची मराठी घमेंड मिरवू नका, इथली स्कॉच बॉनेट जातीची मिरची आपल्या लवंगीला ऐकत नाही. ‘स्लाइट’ म्हणा, म्हणजे नखभर.

मागच्या महिन्यात मी अशीच उभी होते. कागदात डबल्स घेतलं, पैसे पुढे केले. तो आपल्या चटण्यांमधून मान वर न करता म्हणाला, “ते बोटीचं गाणं तूच म्हटलंस ना? दुसऱ्या कडव्यात चुकलीस.”